अनिष्कासिनी : घरीं बसून केलेलें वेतनी काम व स्त्रिया

(१)

कामाची वेळ व जागा काम करणाऱ्याच्या सोयीनें ठरविण्याची पद्धति अगदीं अर्वाचीन आहे, असा सर्वत्र समज आहे. तिचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा पश्चिम जर्मनीपासून आरंभ करतात. म्यूनिक शहराजवळील ओटोब्रुन येथें बोल्कोव्ह यांच्या विमानकारखान्यांत १९६७ सालीं नोकरांच्या येण्याजाण्याच्या वेळा सैल करण्यांत आल्या. या सुधारणेमागें क्रिस्टेल कामरर या विदुषीची सूचना होती, आणि घरसंसार असलेल्या स्त्रियांस नोकरी करतां यावी हा त्या सूचनेचा एक हेतु होता. पुढें ब्रिटनमध्यें अशी सवलत मागण्याचा हक्क लहान मुलांच्या आईबापांस २००३ सालीं व सर्वसाधारण नोकरांस २०१४ सालीं मिळाला. २०२० सालच्या महामारींत तर पुण्यामुंबईकडील कित्येक घरांच्या माजघरांतून रातोरात कचेऱ्या बसल्या.

अशा पद्धतीस आम्ही या लेखांत ‘सवडीचें काम’ म्हणूं. तिच्यामुळें संसार व वेतन यांचा मेळ बसून स्त्रीचा भार हलका होतो, असें एक पक्ष म्हणतो. भार होता तेवढाच राहतो, फक्त तो दृष्टीआड होतो, असें दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद चालविणारांपैकीं कोणीं कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तेविसावा अध्याय पुढें ठेवलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या अध्यायांत घरीं बसून सरकारचें सूत काढणाऱ्या स्त्रियांविषयीं स्पष्ट नियम आहेत. ते नियम त्याच ग्रंथांतील इतर मजुरांच्या नियमांशीं ताडून पाहिले असतां या वादाचा उलगडा होण्यास बरीच मदत होते, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख.

(२)

ग्रंथाची हकीकत संशोधकांस परिचित आहे. ती थोडक्यांत देतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें आपल्याजवळील पोथी म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. तिजवरून तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध केला व १९१५ सालीं त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर दिलें. त्रिवेंद्रम येथें गणपतिशास्त्री यांची सटीक आवृत्ति १९२४-२५ सालीं निघाली. त्यानंतर मुंबई विद्यापीठानें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक संहिता, भाषांतर व विवेचन असे तीन भाग १९६० ते १९६५ या काळांत प्रसिद्ध केले. ग्रंथकर्ता चंद्रगुप्ताचा मंत्री मानल्यास ग्रंथ इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत जातो; परंतु ग्रंथाचें सध्यांचें रूप इसवी सनाच्या आरंभाच्या आगेंमागें सिद्ध झालें असावें, असें अलीकडील पुष्कळ पंडित मानतात. आमच्या प्रस्तुत विषयास या मतभेदानें बाध येत नाहीं. कोणताही पक्ष घेतला तरी नियम अठराशें वर्षांहून जुनेच ठरतात.

एक गोष्ट मात्र आरंभींच सांगून ठेवणें अवश्य आहे. अर्थशास्त्र हें शास्त्र आहे, दप्तर नव्हे. राजानें काय करावें तें त्यांत आहे. अमुक गांवीं अमुक स्त्रीस अमुक वेतन दिलें, असें त्यांत नाहीं. तेव्हां या अध्यायावरून त्या काळची वहिवाट सिद्ध होत नाहीं. पण नियम करणाराच्या मनांत कोणत्या अडचणी होत्या व त्याला कशाची भीति वाटत होती, हें मात्र नियमांवरून निश्चित समजतें.

(३)

सूत्राध्यक्ष हा सूत, चिलखत, वस्त्र व दोर यांच्या सरकारी कामाचा मुख्य अधिकारी होय. लोकर, झाडाच्या सालीचे तंतु, कापूस, सांवरीचा कापूस, ताग व जवसाचे तंतु यांचें सूत त्यानें कोणाकडून काढवावें, याची यादी ग्रंथकारानें दिली आहे. तींत विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, प्रव्रजिता, दंडाची रक्कम मजुरीनें फेडणाऱ्या स्त्रिया, गणिकांच्या माता, राजाच्या वृद्ध दासी आणि देवालयांतील सेवा संपलेल्या देवदासी इतक्या येतात. ही यादी लक्षपूर्वक वाचावी. नवरा घरीं असून संसारांत गुंतलेली स्त्री तींत नाहीं. जिला पोसणारा पुरुष नाहीं, किंवा जिच्यावर सरकारचेंच कांहीं येणें आहे, अशींच नांवें तींत आहेत. म्हणजे घर व नोकरी यांचा तोल साधणें हा या व्यवस्थेचा हेतु नव्हता. निराधार स्त्रीस अन्न मिळावें व सरकारास स्वस्त सूत मिळावें, हा दुहेरी हेतु होता.

वेतन तासांवर नव्हतें. सूत बारीक, मध्यम कीं जाडें, आणि तें किती निघालें, हें पाहून तें ठरे. सूत चांगलें भरल्यास तेल, आंवळकाठी व उटणें देऊन त्या स्त्रियांस संतुष्ट करावें, सणाच्या दिवशीं मानपान करून काम करवावें, आणि दिलेल्या मालाच्या मानानें सूत कमी भरल्यास त्या मालाच्या किंमतीप्रमाणें वेतन कमी करावें, असे नियम आहेत. ज्यांनीं सोलापूर किंवा सिन्नर येथील विडीच्या धंद्यांत पानतंबाखूचें वजन, तयार विड्यांची मोजणी व ‘छाट’ म्हणून बाजूस काढलेल्या विड्या यांवरून होणारे तंटे पाहिले आहेत, त्यांस हें प्रकरण समजण्यास टीकेची गरज पडणार नाहीं.

(४)

यापुढें ग्रंथकार एका निराळ्या वर्गाकडे वळतो. त्याचें नांव ‘अनिष्कासिनी’, म्हणजे घराबाहेर न पडणारी. अशा स्त्रिया, तसेंच प्रोषिता, विधवा, अपंग व मुली यांपैकीं ज्यांस स्वतःचें पोट स्वतः भरावयाचें असेल, त्यांच्याकडे सूत्राध्यक्षानें आपल्या दासी पाठवाव्या आणि आदरानें व सवलतीनें त्यांच्याकडून काम करवावें. ‘प्रोषिता’ याचा शब्दशः अर्थ परगांवीं गेलेली असा होतो. परंतु परगांवीं गेलेल्या स्त्रीकडे काम घेऊन दासी पाठविणें संभवत नाहीं. म्हणून येथें जिचा नवरा प्रवासास गेला आहे ती, असाच अर्थ घेणें प्राप्त आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतही, नवरा निर्वाहाची तजवीज न करतां परदेशीं गेला तर स्त्रीनें निंद्य नसलेल्या शिल्पावर राहावें, असें सांगितलें आहे. व तेथें टीकाकार सूत काढण्याचेंच उदाहरण देतात. दोन्ही ग्रंथ येथें एकमेकांस पुष्टि देतात.

ज्या स्त्रिया स्वतः सूत्रशाळेंत येतील त्यांच्यासाठीं वेळही ठरलेली आहे. पहांटे सूत देऊन वेतन न्यावें. त्या वेळीं दिवा असावा तो केवळ सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्यानें स्त्रीच्या तोंडाकडे पाहिलें किंवा कामाखेरीज दुसरें बोलणें काढलें तर त्यास पूर्व साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण. वेतन देण्यास वेळ लावला तर मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण; आणि न केलेल्या कामाचें वेतन दिलें तरीही तोच दंड.

या आंकड्यांची किंमत कळण्यास त्याच ग्रंथांतील दुसरीं दोन स्थळें पाहावीं. पांचव्या अधिकरणांत कारागिराचें वेतन १२० पण दिलें आहे. तें वार्षिक धरलें तर सूत काढणाऱ्या स्त्रीचें वेतन थकविणाऱ्या अधिकाऱ्याचा लहानांत लहान दंड कारागिराच्या वर्षाच्या मिळकतीहून मोठा होतो. तिसऱ्या अधिकरणांत सामान्य धन्यानें मजुराचें वेतन न दिल्यास त्यास वेतनाचा दहावा हिस्सा किंवा सहा पण इतकाच दंड आहे. एक सरकारी अधिकारी व दुसरा खासगी धनी, हा भेद ध्यानांत घेतला तरी अंतर फार मोठें आहे. घरीं बसून काम करणारी स्त्री कचेरीच्या दारांत येऊन तगादा लावूं शकत नाहीं, हें ग्रंथकारानें ओळखलें होतें, असेंच यावरून म्हणावें लागतें. एवढ्यावरून कित्येक विद्वानांनीं या अध्यायाचें मोठें कौतुक केलें आहे, व तें अस्थानीं नाहीं.

(५)

परंतु अध्याय येथें संपत नाहीं. वेतन घेऊन काम न करणाऱ्या, तसेंच माल खाणाऱ्या, चोरणाऱ्या किंवा घेऊन पळणाऱ्या स्त्रीस ‘अङ्गुष्ठसंदंश’ सांगितला आहे. संदंश म्हणजे चिमटा. येथें अंगठा व त्याजवळचें बोट यांचा. शामशास्त्र्यांपासून बहुतेकांनीं याचा अर्थ अंगठा तोडणें असा केला आहे.

आतां तिसऱ्या अधिकरणाच्या चौदाव्या अध्यायांतील भृतकाचा, म्हणजे सामान्य मजुराचा, नियम शेजारीं ठेवावा. वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास १२ पण दंड व काम होईपर्यंत अटकाव. दोन्ही ठिकाणीं अपराधाचें वर्णन जवळ जवळ त्याच शब्दांत आहे. फरक इतकाच कीं एके ठिकाणीं पुल्लिंग आहे व दुसऱ्या ठिकाणीं स्त्रीलिंग. शिवाय भृतकास अशक्तपणा, निंद्य काम, आजार किंवा संकट या कारणांनीं करार सोडण्याची अथवा दुसऱ्याकडून काम करविण्याची मोकळीक आहे. सूत काढणाऱ्या स्त्रीच्या प्रकरणांत अशा मोकळिकीचा उल्लेखही नाहीं. सामान्य नियम तिलाही लागू असेल असें कोणी म्हणतील. पण मग सामान्य दंड सोडून तिच्यासाठीं विशेष दंड कां सांगितला, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं द्यावें.

संदंशाचा दंड या ग्रंथांत आणखी कोणास आहे? चौथ्या अधिकरणांत गांठ सोडणाऱ्या, म्हणजे खिसेकापू, चोरास पहिल्या अपराधाबद्दल संदंशच्छेद किंवा ५४ पण, असा विकल्प आहे. यावरून आम्हांस एक तर्क सुचतो. सूत्राध्यक्षाच्या अध्यायांत येथें ‘दापयेत्’, म्हणजे द्यावयास लावावें, हें क्रियापद आहे, व तें या ग्रंथांत पैशाच्या दंडाविषयीं वारंवार येतें. तेव्हां अंगठा तोडणें नव्हे, तर अंगठ्याबद्दलचें मोल, म्हणजे ५४ पण, घ्यावे, असा अर्थ संभवतो. जिचा अंगठा गेला ती पुन्हां सूत काढणार नाहीं, आणि सरकारास सूत तर हवें आहे. ही गोष्टही या तर्कास अनुकूल आहे. परंतु हा केवळ तर्क आहे. तो मान्य केला तरी १२ व ५४ हें अंतर उरतेंच, आणि कामचुकार मजूर स्त्रीस चोराच्या पंक्तीस बसविलें हेंही उरतें.

हें असें कां झालें असावें? आमच्या मतें याचें कारण केवळ स्त्रीजातीविषयींचा अविश्वास हें नव्हे. सूत्रशाळेंत किंवा शेतांत मजूर डोळ्यांपुढें असतो. घरीं काम नेणारी स्त्री दिसत नाहीं. सरकारी कापूस तिच्या घरीं गेला कीं परत येणारें सूत एवढाच पुरावा हातीं राहतो. जें दिसत नाहीं त्याविषयीं धन्यास संशय येतो, आणि संशय आला कीं दंड वाढतो. घरच्या कामाची ही किंमत या अध्यायांत प्रथम नोंदली गेली आहे, असें आम्ही समजतों.

(६)

अध्यायांत जें सांगितलें नाहीं तेंही पाहिलें पाहिजे. पहांटे सूत द्यावयाचें तर तें केव्हां काढावयाचें? दिवसा घरांतील दळण, कांडण, पाणी, स्वयंपाक व लेंकरें हीं कामें कोण करी? या प्रश्नांस ग्रंथकार स्पर्शही करीत नाहीं. गाय, घोडा, हत्ती, नाव, मद्य, मीठ या सर्वांवर अध्यक्ष नेमणाऱ्या ग्रंथांत चुलीवर अध्यक्ष नाहीं, व चुलीपुढील वेळेचें मोजमापही नाहीं. कामाची जागा सैल केली, कामाची वेळ सैल केली. घरांतील काम मात्र जेथल्या तेथें व जिचें तिच्याकडेच राहिलें.

दुसरी गोष्ट त्या दासीची. अनिष्कासिनीस घर सोडावें लागत नाहीं, कारण तिच्या दारीं कापूस घेऊन दुसरी स्त्री चालत येते. या दुसऱ्या स्त्रीस ना वेळेची सवड, ना जागेची. एकीची सोय दुसरीच्या पायांवर उभी आहे. सवडीच्या कामाचा हिशोब मांडतांना ही दासी नेहमीं जमाखर्चाबाहेर राहते.

कामाचा दिवस कायद्यानें मोजण्यास आपल्याकडे आरंभ झाला तो गिरण्यांपासून. १८९१ च्या कायद्यानें गिरणींतील स्त्रियांचा दिवस ११ तासांचा ठरविला. घरांतील तास मोजण्यास मात्र त्यानंतर सव्वाशें वर्षांहून अधिक काळ गेला. भारत सरकारनें सबंध देशाची पहिली कालविनियोग पाहणी २०१९ सालीं केली. तींत घरांतील बिनवेतनी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचीं रोज सरासरीं २९९ मिनिटें व पुरुषांचीं ९७ मिनिटें जात असल्याचें आढळलें. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे अनुक्रमें २८९ व ८८ आले. मधल्या पांच वर्षांत घरून काम करण्याचा केवढा गाजावाजा झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. स्त्री व पुरुष यांमधील अंतर मात्र २०२ मिनिटांवरून २०१ वर आलें.

(७)

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें नियतकालिकाच्या रीतीस सोडून आहे. तरी पुरावा म्हणून ती नोंदवितों. महामारीच्या वर्षीं आमचा मुलगा व सूनबाई दोघेंही घरूनच आपापल्या कचेऱ्यांचें काम करीत. मुलगा आंतल्या खोलींत दार लावून बसे. सूनबाई जेवणाच्या टेबलाशीं बसत, कारण तेथून दूध व नातू दोहोंवर नजर राहते. आम्ही दिवसांतून अनेक वेळां त्यांस हाक मारीत असूं. चहा, चष्मा, दारावरचा कुरियरवाला, असें कांहीं तरी कारण असे. मुलाचें दार आम्हीं एकदांही वाजविलें नाहीं. सूनबाई घरींच आहेत, म्हणजे मोकळ्याच आहेत, असें आम्ही धरून चाललों होतों.

एके दिवशीं टेबलावर त्यांची वही उघडी राहिली होती. कामांत कोणत्या वेळीं, कोणीं व कशासाठीं खंड पाडला, याची नोंद त्यांनीं तारीखवार ठेविली होती. चाळीस वर्षें लोकांच्या रोजकीर्दी वाचण्यांत घालविलेल्या आम्हांस ती रोजकीर्द वाचण्यास क्षणही लागला नाहीं. तींत आमचें नांव सर्वांत अधिक वेळां होतें. रात्रीं सर्व निजल्यावर त्या पुन्हां कामास बसत, तेही तास तींत होते. पहांटे सूत घेऊन येणाऱ्या स्त्रीनें तें केव्हां काढलें असेल, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस टीकेंत मिळालें नव्हतें. तें त्या वहींत मिळालें. त्या दिवसापासून दुपारचा चहा आम्ही करतों. यांत मोठेपणा कांहीं नाहीं. उशीर मात्र बराच झाला.

अलीकडील अभ्यासकांचें म्हणणें याहून फारसें निराळें नाहीं. क्लॉडिया गोल्डिन यांस २०२३ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. धन्याच्या हांकेस केव्हांही हजर राहणाऱ्यास जेथें प्रमाणाबाहेर अधिक वेतन मिळतें, तेथें सवड मागणारी स्त्री वेतनांत मागें पडते, असें त्यांनीं दाखविलें आहे. हीजुंग चुंग यांनीं २०२२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, सवड मिळाली म्हणजे काम कमी होतें असें नाहीं, उलट तें वाढतें. पुरुष बहुधा कचेरीचें काम वाढवितो, स्त्रीवर बहुधा घरचें वाढतें. कौटिल्याच्या अध्यायाचें हें चालू काळांतील भाष्यच आहे.

(८)

तेव्हां आरंभींच्या दोन पक्षांपैकीं खरा कोण? आमचें मत असें कीं, सवडीचें काम हें स्वतः ना तारक ना मारक. त्याजबरोबर तीन गोष्टी आहेत कीं नाहींत, हें पाहिलें पाहिजे. वेतन वेळेवर मिळण्याची व मान राखला जाण्याची हमी, ही पहिली. ती कौटिल्यानें दिली. न दिसणाऱ्या कामगारावर दिसणाऱ्यापेक्षां अधिक संशय न धरणें, ही दुसरी. येथें तो चुकला. घरांतील कामाची वांटणी, ही तिसरी. तिचा त्यानें विचारच केला नाहीं. आपल्याकडे १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें घरीं विड्या वळणाऱ्या स्त्रीस कामगार मानलें, व माल आणि छाट यांच्या तंट्यांचा निवाडा करण्याची सोय केली. २०१७ सालीं प्रसूति लाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन, कामाचें स्वरूप तसें असल्यास रजेनंतर उभयतांच्या संमतीनें घरून काम करण्याची तरतूद आली. हीं दोन्ही पावलें पहिल्या दोन गोष्टींच्या वाटेवरचीं आहेत. तिसरी गोष्ट कायद्याच्या हातचीच नाहीं. ती घरोघर व्हावयाची आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शास्त्रग्रंथ नियम सांगतात, वहिवाट सांगत नाहींत, हें वर आलेंच आहे. वहिवाट सांगणारे कागद जुन्या वाड्यांतील रुमालांत असतात. सनदा, महजर व वंशावळी आपण जपून ठेवतों. पण सूत, गोधड्या, पापड, दळण यांचे चार आण्यांचे व पायल्यांचे हिशोब ‘किरकोळ’ म्हणून रद्दींत जातात. त्या किरकोळ फर्दांतच घरीं बसून काम करणाऱ्या स्त्रियांचीं नांवें, त्यांचे दर व थकलेलीं वेतनें सांपडण्याचा संभव आहे. असा कागद हातीं आल्यास तो फाडूं नये. निदान त्याची नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. आमच्या सूनबाईंची वहीही आम्हीं त्यांच्या परवानगीनें एका रुमालांत बांधून ठेविली आहे. रुमालावर चिठ्ठी लाविली आहे ती अशी : ‘घरचें काम, सन २०२०, अस्सल.’